हात लाव आणि सांग

मिस वर्नेल यांचं नाव आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे जागा संपली तरी ते राहून जायला नको. आमच्या बस यार्डातल्या त्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्यांनी जॉर्जियाच्या या भागात शाळेची पिवळी बस चालवली. मला बस चालवायला त्यांनी शिकवलं. पुढे सहा वर्षांनी, दुसऱ्या मुलाचा छळ करणाऱ्या पोराला शिस्त कशी लावायची, तेही मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यात थोडी शिस्त मलाही लागली.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात तुमच्या बसबद्दल लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा मला घामच फुटला. या अंकात डॉक्टर लिहितात, मोठमोठे इंजिनियर लिहितात. मी बार्शीची, आठवीत शाळा सोडलेली बाई. नणंदेने भावासाठी भरलेले कागद कितीतरी वर्षांनी फळाला आले आणि आम्ही अल्फारेटापासून थोड्या अंतरावर येऊन राहिलो. नवरा इंडियन ग्रोसरीत लागला, मी बसवर. नऊ वर्षं झाली. या देशाने मला खुर्ची दिली, तीही गोल फिरणारी, हवेवर वर-खाली होणारी. पण ती आज जाईल की उद्या, ही धाकधूक काही अजून गेली नाही.

जे लिहितेय त्यातल्या दोन्ही मुलांची आणि त्यांच्या आयांची नावं बदलली आहेत, आणि दोघींना विचारूनच लिहितेय. एवढं का विचारलं ते पुढे कळेल.

लोकांना वाटतं, बस चालवणं म्हणजे स्टिअरिंग धरणं. ते शेवटचं काम. मी पहाटे सव्वापाचला यार्डात पोचते. हातात टॉर्च घेऊन बसभोवती फिरायचं आणि एकेक वस्तू तपासायची, याला प्री-ट्रिप म्हणतात. लायसन्सच्या परीक्षेत हीच प्री-ट्रिप परीक्षकासमोर तोंडाने बोलून दाखवावी लागते. वस्तूला हात लावायचा, तिचं नाव घ्यायचं आणि ती कशी आहे ते सांगायचं. मी दोनदा नापास झाले. मला सगळं माहीत होतं, पण परीक्षक पाटी-पेन घेऊन समोर उभा राहिला की जीभ टाळूला चिकटायची.

तिसऱ्या वेळेआधी मिस वर्नेल म्हणाल्या, "शोभा, आज इंग्रजी राहू दे. तुझ्या भाषेत सांग. बसला कळतं."

मग मी आरशाला हात लावला आणि मराठीत म्हणाले, "हा आरसा. तडा नाही. हलत नाही. बरा दिसतोय."

शेवटचं काय बोललीस, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरा म्हणजे काय? तुला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही. जे आहे तेवढंच सांग. हात लाव आणि सांग."

त्या दिवशी मी अख्खी बस मराठीत बोलले, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. पुढच्या आठवड्यात पास झाले. घरी जाऊन नवऱ्यासमोर फ्रीजला हात लावून म्हणाले, "हा फ्रीज. गळत नाही. आत दूध नाही." तो उठून दूध आणायला गेला.

फेरी संपली की उलटं काम असतं. इंजिन बंद केलं की एक भोंगा सुरू होतो आणि ड्रायव्हरने चालत अगदी शेवटच्या सीटपर्यंत जाऊन तिथलं बटण दाबल्याशिवाय तो थांबत नाही. का, तर जाता-जाता प्रत्येक सीट बघितली जावी, कुणी झोपलेलं पोर राहून जाऊ नये. मला आजवर जॅकेटं, दात सरळ करायची एक तार आणि डब्यात घालून आणलेला जिवंत बेडूक सापडलाय. बेडूक मी ऑफिसात जमा केला. मॅनेजरने विचारलं, यावर नाव आहे का?

आता राइट-अप. बसमध्ये एखाद्या मुलाने दंगा केला, कुणाला त्रास दिला, तर ड्रायव्हरने एक फॉर्म भरून शाळेत द्यायचा. कोण, कुठल्या सीटवर, काय केलं. शाळेतले असिस्टंट प्रिन्सिपल, ज्यांच्याकडे शिस्तीचं खातं असतं, ते पुढचं बघतात. यार्डात माझं नाव होतं की मिस शोभाच्या बसमधून एकही राइट-अप येत नाही. सगळे कौतुक करायचे आणि मी गालात हसायचे. खरं असं होतं की मला इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात थरथरतो. बोलते मी धडाधड, वाचतेही. पण कागदावर लिहिलं की ते राहतं, आणि कुणीतरी ते वाचून हसेल असं वाटतं. म्हणून मी डोळे वटारून, बस बाजूला थांबवून, नाहीतर गोड बोलून भागवायचे. माझी बस शांत नव्हती, माझा कागद कोरा होता.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मिडल स्कूलच्या फेरीत एक नवा मुलगा चढला. सुजय. नागपूरहून नुकताच आलेला, आठवीत. पायरीवर पाय ठेवता-ठेवता म्हणाला, "गुड मॉर्निंग काकू." इथे मला सगळी मुलं 'मिस शोभा' म्हणतात. काकू ऐकून मला इतकं बरं वाटलं की पुढच्या स्टॉपला ब्रेक थोडा जोरातच लागला.

त्याच बसमध्ये आरुष होता. तोही आठवीतला, पुण्याचा, पाच वर्षांपूर्वी आलेला. आता इंग्रजी असं की डोळे मिटून ऐकलं तर इथलाच वाटावा. त्याची आई मृण्मयी मंडळाची सगळ्यात उत्साही कार्यकर्ती. त्यांच्या घरी गणपतीचे मोदक करायला मी दरवर्षी जायचे. दोन मराठी पोरं एका बसमध्ये, एका वर्गात. मला वाटलं, बरं झालं, जोडी जमेल.

दुसऱ्या आठवड्यापासून आतल्या मोठ्या आरशात मला सुजय उभा दिसायला लागला. बस चालू असताना मधल्या वाटेत उभं राहणं म्हणजे सगळ्यात धोक्याची गोष्ट. जोरात ब्रेक लागला तर पोर थेट काचेवर. मी माइक घेऊन ओरडले, "सुजय, सिट डाउन!" तो बसला. दुसऱ्या दिवशी परत उभा. परत माइक. असं आठ-दहा दिवस चाललं. एकदा उतरताना मी त्याला सगळ्यांसमोर मराठीत झापलं, "अरे, कळत नाही का तुला? हातपाय मोडून घ्यायचेत? उद्या उभा दिसलास तर आईला सांगीन."

"सॉरी काकू," एवढंच म्हणाला आणि खाली बघत गेला.

माझ्या रस्त्यावर एक रेल्वेचं फाटक लागतं. गाडी येत असो वा नसो, शाळेच्या बसने तिथे थांबायचंच. पंखे बंद, रेडिओ बंद, मुलांनी गप्प. ड्रायव्हरने खिडकी उघडायची, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच रूळ ओलांडायचे. सप्टेंबरातल्या एका सकाळी मी तशी थांबले, सगळं बंद केलं आणि रेल्वेऐवजी मागून मराठी ऐकू आलं. हळू आवाजात, अगदी मास्तरच्या थाटात.

"चुकलास. परत म्हण. 'वेन्सडे' नीट म्हण. चुकलास. तीन चुका झाल्या, उभा राहा. पुढच्या स्टॉपपर्यंत बसायचं नाही. गावठी कुठला. घरी पाठव म्हणावं तुझ्या बापाला."

आणि दोन-तीन मुलांचं खुसखुसणं. त्यांना भाषा कळत नव्हती, पण खेळ कळत होता.

मी आरशात पाहिलं. डावीकडच्या सातव्या सीटवर आरुष पाय पसरून बसलेला आणि सुजय दप्तर छातीशी धरून उठत होता. तो दंगा करायला उभा राहतच नव्हता. त्याला रोज परीक्षेला उभं केलं जात होतं. आणि वर माइकवरून त्याला कोण झापत होतं? मी. म्हणजे आरुषने शिक्षा द्यायची आणि मी तिच्यावर शिक्का मारायचा.

बसमध्ये कॅमेरा असतो, आवाजही टिपला जातो. पण त्या शाळेत कुणाला मराठी येतं? आरुषला हे बरोबर ठाऊक होतं. त्या अख्ख्या व्यवस्थेत ते शब्द कळणारं माणूस एकच होतं, आणि ते फॉर्म भरायला घाबरत होतं.

त्या दिवशी मी राइट-अपचा कोरा फॉर्म घेतला आणि डोक्यावरच्या सनवायझरमध्ये खोचला. चार दिवस तो तिथेच. पाचव्या दिवशी शनिवार होता, मृण्मयीकडे मोदक. आणि मी ती चूक केली जी आपलंच माणूस करू शकतं. मला वाटलं, कशाला शाळा, कशाला कागद? पोर आपलं, आई आपली, घरातल्या घरात सांगू. बाहेरच्यांसमोर आपल्या मुलाची शोभा कशाला?

स्वयंपाकघरात आणखी चौघी होत्या. मी मृण्मयीच्या जवळ सरकून हळूच सांगायला गेले, पण बसमध्ये बोलून-बोलून माझा हळू आवाजही मोठाच असतो. सगळ्यांनी ऐकलं. 'नागपूरचा तो नवा मुलगा' म्हटल्यावर सुजय कोण तेही सगळ्यांना कळलं.

मृण्मयी हसली. "अहो शोभाताई, मुलं मस्करी करतात हो. त्याला घरी मराठीत बोल म्हटलं तर बोलत नाही. बसमध्ये बोलतोय हेच मला कौतुक!"

एकजण म्हणाली, "खरंच, आमचा तर 'पाणी' पण इंग्रजीत मागतो." सगळ्या हसल्या. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून आठवतं.

सोमवारी आरुष बसमध्ये चढताना माझ्याकडे बघून म्हणाला, "चिल, काकू. वी आर जस्ट प्लेइंग." पण त्या दिवसापासून खेळ गप्प झाला. तो सुजयच्या मागच्या सीटवर बसायला लागला आणि कानात काहीतरी बोलायचा, फाटकापाशी मात्र चूप. गुरुवारी सुजय स्टॉपवर नव्हता. शुक्रवारीही नाही. पुढच्या सोमवारी त्याची आई सायली एकटीच उभी होती, पायात घरातल्या चपला, अंगावर नवऱ्याचं जॅकेट. तिला अजून गाडी येत नव्हती, नवरा आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या शहरात कामाला.

मी दार उघडलं. मागे गाड्या थांबलेल्या, लाल दिवे लुकलुकतायत, बोलायला कितीसा वेळ?

"काकू," ती म्हणाली, "तो म्हणतो मला शाळेतच जायचं नाही. ओरडून झालं, रडून झालं. आम्ही म्हटलं, डिसेंबरात नागपूरला जायचंच आहे, तर त्याला तिथेच आजोबांकडे ठेवून येतो. जाऊ दे, नाही जमत तर नाही जमत."

मी दार लावलं आणि बस पुढे काढली. पण ते वाक्य माझ्याबरोबर आलं. आई आजारी होती म्हणून आठवीत माझे तीन महिने बुडाले होते. परत गेले तर बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला, मी अडखळले, वर्ग हसला. घरी येऊन म्हणाले, मला शाळेत जायचं नाही. आणि घरातले म्हणाले, बरं. त्यांचं काही चुकलं नाही, घरात काम होतंच. पण त्या 'बरं'ला कुणी 'थांब' म्हणालं नाही. आता सुजयच्या बाबतीत तेच 'बरं' झालं होतं, आणि या वेळी उभं करणाऱ्यांत मी होते.

त्याच दुपारी ऑफिसातून बोलावणं आलं. आरुषच्या वडिलांची ईमेल आली होती: ड्रायव्हरने खाजगी घरात, बाहेरच्या लोकांसमोर, विद्यार्थ्यांबद्दल चर्चा केली. आमच्या नियमात ते बसत नाही. आणि ईमेल खरी होती. मॅनेजरने चांगल्या शब्दांत सांगितलं की चौकशी होईल. मला फक्त खुर्ची दिसत होती, हवेवर वर-खाली होणारी, कुणा दुसऱ्याची.

मी उभ्या बसमध्ये जाऊन बसून राहिले. मिस वर्नेल पायरी चढून आल्या, गुडघा धरत. "भोंगा का वाजतोय इतका वेळ?" त्यांनी विचारलं. मी बटण दाबायचंच विसरले होते. त्या स्वतः मागेपर्यंत गेल्या, दाबून आल्या, माझ्यासमोर बसल्या. मी सगळं सांगितलं. फाटक, मोदक, सायली, ईमेल. शेवटी हेही सांगितलं की मला लिहायला येत नाही, म्हणून मी कधी राइट-अप दिलाच नाही.

त्या हसायला लागल्या. "मला माहीत आहे, बाळ. सहा वर्षांत एक कागद नाही! इतकी चांगली बस कुणाचीच नसते. माझीही नव्हती."

"तुम्ही लिहून द्याल का?" मी म्हणाले.

"नाही."

मला वाईट वाटलं. आज वाटतं, त्या एका 'नाही'साठीच त्यांचे पाय धरावेत.

"ते शब्द मी ऐकले नाहीत, तू ऐकलेस. ऊठ," त्या म्हणाल्या. "हात लाव आणि सांग."

मी डावीकडच्या सातव्या सीटपाशी गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला. "इथे आरुष बसतो. त्याने सुजयला शब्द म्हणायला लावला. चुकला म्हणून उभं केलं. तो फार दुष्ट—"

"दुष्ट सीटला दिसतं का?"

"नाही."

"मग खोड."

असं करत-करत बसची वाट दोनदा चालून झाली. मग मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहिलं. तारीख. सीट. आरुषचे शब्द मराठीतच, इंग्रजी अक्षरांत, आणि खाली त्यांचा अर्थ. सहा ओळी. पाऊण तास लागला. त्या शेंगदाणे खात बसल्या होत्या. मी कागद पुढे केला तर वाचून म्हणाल्या, "एक वस्तू राहिली. तू काय केलंस?"

मी सातवी ओळ लिहिली: मी चुकीच्या मुलाला माइकवर रागावले. मी मुलाच्या घरी जाऊन बोलले. मी तसं करायला नको होतं.

"आता हा कागद तडकलेला नाही, गळत नाही," त्या म्हणाल्या. "दे."

असिस्टंट प्रिन्सिपलनी कागद वाचला, कॅमेऱ्यातलं पाहिलं आणि दोन दिवसांनी मृण्मयीला आणि आरुषला बोलावलं. ते आरुषची बस दहा दिवस बंद करायच्या विचारात होते. माझ्याबरोबर आलेल्या मिस वर्नेल म्हणाल्या, "दहा दिवस त्याची आई त्याला गाडीने सोडेल. शिक्षा कुणाला झाली? आधी आम्हाला बसमध्ये वीस मिनिटं द्या." त्यांचा शब्द त्या भागात कुणी मोडत नसे, अर्ध्या शिक्षकांना लहानपणी त्यांनीच शाळेत सोडलेलं.

शाळेमागे बस उभी होती, रिकामी. आरुष हुडीच्या खिशात हात घालून चढला. मृण्मयी माझ्याकडे न बघता पुढच्या सीटवर बसली.

"या बसमध्ये काय झालं ते तुला मला दाखवायचं आहे," मिस वर्नेल त्याला म्हणाल्या. "जिथे झालं तिथे हात लाव आणि सांग."

"इट वॉज जस्ट अ जोक."

"काय होतं ते मी विचारलं नाही. तू काय केलंस ते विचारलं. आम्ही रोज सकाळी बस तपासतो. आरसा 'गमतीत' फुटला असं लिहीत नाही."

त्या वाट बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. मी असते तर ओरडले असते. त्यांनी एकदा घड्याळाकडेसुद्धा पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने तो सातव्या सीटपाशी गेला आणि बोटं टेकवली. "मी त्याला म्हणायला सांगायचो. वर्ड्स." मग पुढे, "इथे तो उभा राहायचा." मग एक सीट मागे, "नंतर मी इथे बसायचो." सगळं इंग्रजीत.

"काय म्हणायचास? कुठल्या भाषेत?"

"मराठी."

"मग मराठीत सांग. मला कळणार नाही, मिस शोभा सांगतील."

त्याने आईकडे पाहिलं. आणि त्याने ते म्हटलं. गावठी कुठला. घरी पाठव म्हणावं तुझ्या बापाला. आणि तिसरं एक, जे त्याने कानात म्हटलं होतं आणि मलाही माहीत नव्हतं: "काकूपण तुलाच ओरडते. म्हणजे कुणाला तू नकोयस."

मी मिस वर्नेलना त्याचं इंग्रजी करून सांगायला लागले आणि तिसऱ्या वाक्याशी अडले. त्या म्हणाल्या, "सावकाश. पण पूर्ण सांग." मी पूर्ण सांगितलं.

मृण्मयीने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. "आलो तेव्हा याला पण तिसरीत मुलं असंच—" ती इंग्रजीतच म्हणाली. "याच्या उच्चारांवरून. हा रडत यायचा घरी."

मिस वर्नेल अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे त्याला नेमकं माहीत होतं."

त्या वाक्यानंतर आरुष खरंखुरं रडला. त्या त्याच्याजवळ गेल्या नाहीत, डोळे पुसायला कागदी रुमाल मात्र आपल्या पर्समधून दिला. असिस्टंट प्रिन्सिपल म्हणाले, याने उद्या सगळ्या बससमोर माफी मागावी. "नको," त्या म्हणाल्या. "ज्याने जेवढ्या आवाजात बिघडवलं, तेवढ्याच आवाजात त्याने नीट करायचं. यानं हळू आवाजात केलं. हळू आवाजातच फेडू दे." ठरलं ते असं: पाच दिवस बस नाही. त्यानंतर नाताळच्या सुट्टीपर्यंत माझ्या मागची पहिली सीट. आणि आरुषने माझ्यासारखाच एक कागद लिहायचा, काय केलं तेवढंच, आणि आईबरोबर सुजयच्या घरी नेऊन द्यायचा. दार उघडायचं की नाही ते सुजयने ठरवायचं.

मी सुटकेचा श्वास टाकला. तर मिस वर्नेल माझ्याकडे वळल्या. "आणि तू? तू कुठल्या आवाजात केलंस?"

मी माइककडे पाहिलं.

आरुष कागद देऊन आला. दार सायलीने उघडलं, सुजय वरून खाली आला नाही. सोमवारी तो स्टॉपवर नव्हता. मंगळवारीही नाही. मी सायलीला निरोप दिला, फक्त स्टॉपपर्यंत आण, नको वाटलं तर चढू नको म्हणावं. बुधवारी मिस वर्नेल मॉनिटर म्हणून माझ्या बसवर आल्या. मॉनिटर म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला बसणारं दुसरं माणूस. स्टॉपवर सायली, आणि तिच्या मागे दप्तराशिवाय सुजय.

आमच्या माइकला बाहेरचाही कर्णा असतो. मी तो चालू केला. अख्खी बस आत, रस्त्यापलीकडे कुत्रं फिरवणारे एक आजोबा, आणि मी मराठीत सुरू झाले: "सुजय, मी शोभाकाकू बोलतेय. माझं चुकलं. तू उभा राहत नव्हतास, तुला उभं केलं जात होतं. मी विचारलं नाही. मी तुला सगळ्यांसमोर झापलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय. आरुष खोटं बोलला. तू मला हवा आहेस या बसमध्ये. मी आठवीत शाळा सोडली, मला कुणी थांब म्हणालं नाही. तू थांब. सुजय, तुझी सीट—"

कुत्रं भुंकायला लागलं. सुजय लालबुंद झाला. "काकू! बस्स! बंद करा ते!"

"तू चढलास की बंद करते," मी कर्ण्यातूनच म्हणाले.

तो धावत आला, पायऱ्या चढला आणि त्यानेच हात लांब करून बटण बंद केलं. दप्तर सायलीने मागून आत फेकलं. मिस वर्नेलनी आपल्या शेजारची जागा हाताने थोपटली.

पुढे फार गोड झालं असं नाही. दोघं मित्र झाले नाहीत. आरुष पुढच्या सीटवर तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग एकदा फाटकापाशी सगळं शांत असताना तोच म्हणाला, "काकू, क्लिअर आहे." मी तरी स्वतः ऐकून घेतलं, मगच निघाले. मृण्मयीने एक वर्ष मोदकांना बोलावलं नाही, दुसऱ्या वर्षी बोलावलं. या लेखाचं विचारलं तर म्हणाली, "लिहा. मी ते कौतुकाचं बोलले होते तेही लिहा." मला ऑफिसकडून लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फाइलीत आहे. ती मी डिक्शनरीशिवाय वाचली, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. सुजय डिसेंबरात नागपूरला गेला आणि जानेवारीत परत आला. आता तो हायस्कूलला आहे, दुसऱ्या बसने जातो. रस्त्यात आमच्या बसेस समोरासमोर आल्या की तो काचेआडून कान झाकतो, कर्णा लावू नका म्हणून.

आता मी राइट-अप लिहिते. वर्षातून चार-पाच. हात अजून थरथरतो.

मिस वर्नेल गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, गुडघ्यांमुळे. मुलीकडे राहतात, इथून तासाभरावर. त्यांचे उपकार कसे फेडू असं विचारलं तर म्हणतात, "मागचं बटण विसरू नको."

हा लेख त्यांना वाचता येणार नाही. म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे कागदावर राहील. एक दिवस मी हे सगळं इंग्रजीत लिहीन, माझ्या हाताने, कितीही आठवडे लागोत. मग एखाद्या रविवारी त्यांना यार्डात आणीन, माझ्या मागच्या पहिल्या सीटवर बसवीन, आणि बसच्या वाटेत उभी राहून त्यांना वाचून दाखवीन. सातव्या सीटचं सातव्या सीटला हात लावून, पायरीचं पायरीला. शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवीन आणि जे आहे तेवढंच सांगीन. मिस वर्नेल, तुमचं हे देणं मी नक्की फेडीन.